तोच, की तसाच?

साठ सालच्या आगेमागे मी डहाणूला मॅट्रिकच्या वर्गात होते. मास्तरांनी दोन इंग्रजी शब्दांतला फरक शिकवला होता. सिमिलर म्हणजे तसाच, आयडेंटिकल म्हणजे अगदी तोच. मला त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळाले. अक्कल मात्र शून्य होती.

त्याच वर्षी वेवजी गावाजवळच्या आमच्या गवताच्या गंज्या भर दुपारी कुणीतरी पेटवल्या. पळणाऱ्याची पाठ तेवढी मला दिसली. उघडी पाठ, कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी आणि तिच्यावर पितळेची कडी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मजुरांना खळ्यात रांगेत उभं केलं. मजुरांचे चेहरे आमच्या घरात कुणी पाहतच नसे. याची आकडी चिरलेली, त्याची काळी, अशीच आम्ही माणसं ओळखायचो आणि वर त्याची फुशारकी मारायचो. मीही रांगेतल्या कमरा बघत गेले. पितळेची कडी दिसली.

"हाच तो," मी म्हटलं.

काकांनी त्याच्या कानशिलात हाणली. तो पडला. मग आसूड ओढले, पाठ फुटेपर्यंत. "मी नाय शेठ, मी वाणगावला होतो!" तो ओरडत होता. काकांनी त्याचा उजवा हात दगडावर दाबून धरला आणि वर दांडा घातला. मी तोवर पडवीत जाऊन उभी होते; हाड मोडल्याचा आवाज मला तिथं ऐकू आला. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या शब्दाला घरात पहिल्यांदाच वजन आलं होतं.

संध्याकाळी त्याची बायको टोपली घेऊन आली आणि तिने ती खळ्यात उपडी केली. त्यांच्या पाड्यातल्या सात आकड्या होत्या, सातांनाही पितळेची कडी. बाजारातला एकच लोहार सगळ्यांना ती बसवून देत असे.

"सांग बाय, यातली कुठली?" तिने मला विचारलं.

बाबांनी तिला हाकलून दिलं. मी चुकले, एवढे दोन शब्द मला बोलता आले असते. नाही बोलले. भ्याले. मॅट्रिकच्या वर्गातल्या त्या मुलीचा मला आजही संताप येतो.

त्याचा हात वाकडाच सांधला. पुढच्या कापणीला तो बांधावर बसून होता आणि बायको एकटी भात कापत होती. त्याच्या कमरेची आकडी रिकामी होती. मी मान खाली घालून पुढे निघाले, तर त्याने तो हात वर केला.

"बाय, आता तरी वळखशील ना मला?"