साहेबांचं काम करणारे काका

मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. काकांसारख्या माणसावर लिहिण्याएवढी माझी लायकी नाही, माफ करा. पण राग आवरत नाही.

काका एमआयडीसीत टॉवेल विणायच्या यंत्रमागावर कामाला आहेत. आमच्या पेठेच्या नाटकात ते दरवर्षी एका नास्तिक पुढाऱ्याचं, साहेबांचं काम करायचे. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, तेव्हा रोज गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की ते साहेबांचंच भाषण एकेक शब्द जुळवत म्हणायचे. त्यावरच ते पुन्हा बोलू लागले.

यंदा तालमीत दिग्दर्शक म्हणाला, "काका, साहेब देव मानत नव्हते. गळ्यातलं लिंग काढून ठेवा."

"सदऱ्याच्या आत हाय की. कुणाला दिसतंय?"

"मला माहितीये ना."

"मग तुमी डोळं मिटा," काका हसले. "आमा लिंगायतांत ह्ये काढलं की माणूस मेल्यागत. मेलेला माणूस भाषण कसं करणार?"

दिग्दर्शकाने त्यांना घरी पाठवलं. मी प्रॉम्प्टिंगसाठी संहिता धरून बसलो होतो, एक शब्द बोललो नाही. त्याचाही राग येतो.

काल कळलं, साहेबांचं काम दिग्दर्शकाच्या मेहुण्याला दिलंय. आणि भाषण बिघडू नये म्हणून काकाच पाळी सुटल्यावर त्याच्या घरी जाऊन ते शिकवतात.