तिसावा दिवस

"उतरलात तो पहिला दिवस," असं म्हणून आमच्या ऑफिसात व्हिसाचं काम बघणारे काका अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकालाही ठेवायला लावायचे. मुलुंड पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावर आमचं ट्रॅव्हल एजन्सीचं दोन खोल्यांचं ऑफिस. सकाळी अकराच्या सुमाराला कधीही या, चार-पाच पोक्त माणसं बोटांची पेरं मोजत बसलेली दिसायची.

कुणी म्हणालं, "महिनाभर राहता येतं ना?" की काकांच्या अंगावर पाल पडायची.

"महिना नाही, तीस दिवस. महिना एकतीसचाही असतो. त्या एकतिसाव्या दिवशी तुम्ही तिथे कोण? कोणीच नाही!"

मग ते शिक्षा सांगायला घ्यायचे. जास्त राहिलेल्या दर दिवसाला दंड. महिनोन्‌महिने राहिलात तर त्या देशात काही वर्षं बंदी. त्यातही स्वतःहून विमानतळावर गेलात तर निभावेल, पोलिसांच्या हाती लागलात तर कोठडी. हे सगळं ते इतक्या मायेने सांगत की एका नवविवाहित जोडप्याने परदेश रद्द करून महाबळेश्वर गाठलं.

गिऱ्हाईक विमानात बसलं तरी सुटका नव्हती. घाटकोपरच्या एक आजी दुबईला मुलाकडे गेल्या होत्या. काकांचा रोज फोन. "आजी, बाविसावा. बॅग खाली काढून ठेवा." शेवटी आजी रडवेल्या झाल्या. "अरे मेल्या, माझी सूनपण एवढं हाकलत नाही रे!"

"सूनबाईंना नियम माहीत नसतील," काका शांतपणे म्हणाले.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आपण त्याला हसतो आणि आपली चूक झाली की त्याच्याच टेबलाशी जाऊन उभे राहतो. माझी चूक मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात झाली.

एक निवृत्त पोस्टमन आमच्याकडे आले होते. "जय भीम" करून बसले आणि पाऊण तास बोलत राहिले. त्यांना थायलंडला जायचं होतं. आधी विहारं बघायची, मग एका खेड्यातल्या विहारात दहा दिवस मौन. "बायको जन्मभर म्हणायची, दहा दिवस गप्प बसून दाखवा. मागच्या वर्षी गेली. आता दाखवतो."

त्या वेळी तिथे तीस दिवस राहता यायचं. तिकीट मी काढलं. ते मौनात बसल्यावर सातव्या दिवशी काका माझी फाईल चाळत होते. अंगठा पेरांवरून फिरत शेवटाला आला आणि थांबला.

"पोरी, उतरले तो दिवस तू धरलाच नाहीस. परतीचं विमान एकतिसाव्या दिवशी आहे."

मी पुन्हा पेरांवर मोजलं; एकतीसच. पोस्टमनचा मोबाईल विहाराने जमा करून घेतलेला. काकांनी विहाराचा नंबर शोधला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक भन्ते, म्हणजे विहारातले भिक्खू, आले. त्यांना इंग्रजी येईना, आमच्यात थाई कुणाला येण्याचा प्रश्नच नव्हता. काका खुर्चीतून उठले, हात जोडले. काका मूळचे जालन्याकडचे, राहायला नाहूरला, आणि पालीतली बुद्धवंदना त्यांना लहानपणापासून पाठ.

"वंदामि भन्ते."

"सुखी होतु," पलीकडून आलं. ऑफिसातली सगळी गिऱ्हाइकंही हात जोडून उभी राहिली.

आता पालीत व्हिसा कसा सांगायचा? काकांनी क्षणभर डोळे मिटले. "भन्ते, इंडिया उपासक... व्हिसा... अनिच्चं!" म्हणजे अनित्य, टिकणारा नाही.

मग भन्ते खदखदून हसले. "व्हिसा अनिच्चं! अनिच्चं!" आणि चपलांचा आवाज दूर गेला. थोड्या वेळाने कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"पोस्टमनसाहेब, बोलू नका," काका म्हणाले. "कळलं तर एकदा टकटक करा, नाही कळलं तर दोनदा."

टक.

"चूक आमच्या ऑफिसची आहे. तुम्हाला एक दिवस आधी निघावं लागेल. मौन मोडायचं नाही, मौनातच या. तिकीट मी बदलतो आणि इथे विमानतळावर उतरवून घेतो."

काका फोनवर वाकले. मग, टक.

यांचं मौन आहे, अशी एक चिठ्ठी भन्तेंनी त्यांना थाईत लिहून दिली. तिथल्या विमानतळाच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याने ती वाचली, नमस्कार केला आणि तिसाव्या दिवसाचा शिक्का मारला. मुंबईत ती चिठ्ठी कुणाला वाचता आली नाही, पण त्यांचा चेहरा बघून कुणी फार विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायला आले तर दोघे जिन्यात बसलेले. पोस्टमनचं मौन दहा वाजता संपणार होतं. एकटा माणूस घरी गेला तर शेजारी बोलायला लावतील, म्हणून काका त्यांना इथे घेऊन आले होते. आणि स्वतःही बोलत नव्हते! फोन वाजला की मला खूण करायचे. मध्येच त्यांनी कागदावर लिहिलं, 'दहा तिथले की इथले? तिथले केव्हाच वाजले.' पोस्टमननी खाली लिहिलं, 'इथले. इथे जास्त राहिलं तर दंड नाही.'

दहा वाजले. दोघांपैकी कुणीच तोंड उघडेना. मलाच राहवलं नाही. "काका, चूक माझी होती. दिवस मी चुकीचे मोजले."

पोस्टमननी माझ्याकडे पाहिलं. आवाज आधी नुसताच खरखरला. "अगं, तीस वर्षं पत्रं टाकली मी. किती चुकीच्या दारात टाकली असतील, कुणी मोजलंय!" मग त्यांचे डोळे भरून आले, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. विहार, भन्ते, भात, डास, विमानातली बाई, बायको, पुन्हा भात.

काकांनी त्यांची बॅग खांद्यावर घेतली आणि त्यांना घरी सोडायला निघाले. काका पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन गावाकडे गेले. पण त्यांची आठवण काढली की मला ते त्या जिन्यातच दिसतात. खांद्यावर दुसऱ्याची बॅग, मान हलवत एकेक पायरी उतरताहेत, आणि मागून पोस्टमनचा आवाज. रिक्षा सुरू झाली, वळली, तरी तो मला वर खिडकीत ऐकू येत होता.