खोल्यांची यादी

कोल्हापूरची माणसं भूतानला न्यायची म्हणजे आधी त्यांना भूतान समजावून सांगावा लागतो, नाहीतर ती तिथं जाऊन पांढरा रस्सा मागतात. म्हणून दर सहलीआधी मी एक छोटा हॉल घेते, पडद्यावर फोटो दाखवते, चहा-खारी देते आणि तासभर बोलते. मठात शिरताना टोपी काढायची. प्रार्थनाचक्र उजवीकडूनच फिरवायचं. तिथं भाजीत मिरची घालत नाहीत, मिरचीचीच भाजी करतात, चीज घालून. यावर हमखास कुणीतरी म्हणतं, "मग आमचं जमलं की." सगळे हसतात. मीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते.

शेवटी आवाज जरा खाली आणून मी सांगते, की हा देश पैशापेक्षा माणसाचं समाधान मोजतो आणि बुद्धाच्या करुणेवर चालतो. हे वाक्य माझं फार लाडकं. करुणा म्हणताना माझा हात आपोआप छातीवर जातो. लोकांना ते आवडतं, दोन-चार नावं तिथल्या तिथं वाढतात.

दोन वर्षांपूर्वी असाच हॉल रिकामा होत असताना शिरोळकडच्या एक निवृत्त नर्स माझ्याजवळ आल्या. पासष्टीच्या, बारीक चणीच्या, जन्म सरकारी दवाखान्यात काढलेल्या. नवरा वारलेला, एकट्याच येणार होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणू लागले.

"ताई, मला एकटीला खोली नगो बगा," त्या म्हणाल्या. "इन्सुलिन चालू हाय. पहाटंची साखर उतरती. संगं कुणी बाई असली आणि तिनं एक हाक मारली तरी भागतंय. ओ दिली न्हाय तर हलवायचं, मग पुढचं माझं मी बघते."

"त्यात काय, सिस्टर, देऊ की," मी म्हणाले आणि यादीत त्यांचं नाव बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंसमोर लिहिलं. त्याही एकट्याच होत्या. जोडी जमली.

दुसऱ्याच दिवशी काकू ऑफिसात आल्या. पाणी प्यायल्या, उन्हाबद्दल बोलल्या, मग सहज विचारावं तसं विचारलं, "त्या सिस्टरांचं आडनाव काय हो?" मी सांगितलं. काकूंनी रुमालानं ओठ टिपले.

"माझं तसलं काही नसतंय," त्या म्हणाल्या. "पण माझी अन्नपूर्णा बरोबर असते. रोज सोवळ्यात पूजा करते मी. एका खोलीत कसं जमायचं? तुम्ही समजून घ्या की."

समजून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. काकूंची अन्नपूर्णा सुटकेसमध्ये चपलांच्या पिशवीला टेकून प्रवास करते, हे मी दोन सहलींत डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं तरी बोलायला हवं होतं. पण काकू दर सहलीला चार बायका घेऊन येतात, आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड. मी म्हणाले, "बघते." दोघी जावा येणार होत्या, त्यांच्या खोलीत तिसरी गादी टाकून काकूंची सोय केली. सिस्टरांना फोन केला. "तुम्ही सगळ्यांत वडीलधाऱ्या, म्हणून तुम्हाला खास स्वतंत्र खोली दिलीय." त्या म्हणाल्या, "बरं."

थिंफूच्या डोंगरावर बुद्धाची अवाढव्य मूर्ती आहे. तिच्यासमोर काकूंनी डोक्यावर पदर घेऊन साष्टांग नमस्कार घातला. फोटोत त्यांचे डोळे उघडे आले म्हणून परत घातला. सिस्टर बाजूला हात जोडून उभ्या होत्या, ओठ हलत होते. त्या बुद्धाला इतक्या लांब भेटायला आल्या होत्या आणि आमच्या फोटोच्या आड येऊ नये म्हणून अंग चोरत होत्या. मी गाइडचं बोलणं मराठीत सांगत होते. परत एकदा करुणा आली, परत एकदा हात छातीवर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पुनाखाला निघायचं होतं. सगळे गाडीत बसले, सिस्टर नाहीत. मला आधी काय वाटलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. वाटलं, ढग यायच्या आत खिंडीतले एकशे आठ स्तूप दाखवायचे होते, आता म्हातारी घोळ घालणार.

वर गेले. दाराला आतून कडी घातलेली नव्हती. कुणी आलं तर येता यावं म्हणून त्या रोज तशाच झोपत होत्या, हे मला नंतर कळलं. त्या पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. गाऊन घामानं चिंब, हात लटलटत होते, मांडीवर ग्लुकोजची पुडी सांडलेली. उशीखाली मोबाइलचा गजर वाजतच होता. मी खालून सरबत आणलं. दहा मिनिटांनी त्यांची नजर ठिकाणावर आली.

"गाडी खोळंबली न्हवं माझ्यापायी," त्या म्हणाल्या. "चला."

गाडीत मी सांगितलं, सिस्टरांचं जरा डोकं दुखत होतं. कुणीतरी म्हणालं, "झेपत न्हाय तर वयस्कर माणसांनी यायचं कशाला?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काकूंनी आपल्या खोलीतल्या सोवळ्याच्या देवाचं गाडीभर ऐकवत कागदाच्या पुडीत अंगारा दिला, तो चार हातांतून सिस्टरांपर्यंत पोचला. सिस्टरांनी पुडी पर्समध्ये ठेवून दिली. त्या संध्याकाळी पुनाखात मला खोल्या बदलता आल्या असत्या. मी किल्ल्या तशाच वाटल्या.

पारोला आल्यावर आम्ही चेलेला खिंडीत गेलो. तेरा हजार फूट. दरवर्षी लोकांना विरळ हवेवर भाषण देणारी मी, तिथं पोचल्यावर भडाभडा ओकले. डोकं फुटायला आलं. दुपारी गाडीनं हॉटेलात आणून सोडलं, बाकीचे बाजारात गेले. काकूंना बुद्धाची पितळी मूर्ती घ्यायची होती.

थोड्या वेळानं दार वाजलं. सिस्टर होत्या, हातात औषधांची पिशवी. बाजाराला गेल्या नव्हत्या. "उताणं झोपू नगा, कुशीवर व्हा," त्या म्हणाल्या, पाण्यात पावडर कालवली, मला चमच्यानं पाजली. मग बसायला जागा शोधू लागल्या.

खोलीत दुसरी खाट होती. सहल नेणारीलाही हॉटेलं दोन खाटांचीच खोली देतात, दर मुक्कामाला. तिच्यावर माझ्या बॅगा होत्या, परमिटांची फाइल होती, चकल्यांचा डबा होता, वाळत टाकलेली शाल होती. सिस्टर त्या खाटेकडे बघत उभ्या राहिल्या. आमच्या घरी असलं काही मानत नाहीत, असं मी चारचौघांत कितीदा सांगितलंय.

"थांबा, मी बॅगा उचलते," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी उभ्यानंच माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागल्या. आवाजात राग नव्हता, केसपेपर लिहिताना विचारतात तसं त्यांनी विचारलं, "त्या बाईंच्या खोलीत देव हुता. हितं काय हुतं?"

मला उत्तर माहीत होतं. मी डोळे मिटले आणि चक्कर आल्यासारखं केलं. माझी नाडी त्यांच्या बोटाखाली होती, त्यांना कळलंच असणार.