थांबामामांचा तळहात

थांबामामांचं गॅरेज होतं तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. तिथून जाताना माझी गाडी अजूनही आपोआप हळू होते.

त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाईक दारातूनच सुरू झालं की ते स्पॅनर खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "थांबा. आधी गाडीला बोलू द्या." त्यावरून ते थांबामामा. उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेली हत्यारं. प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर त्याचा आकार रंगवलेला होता, म्हणजे काय हरवलंय ते न शोधता कळावं.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. तिला दम्याचा त्रास. दर मंगळवारी तिला गावाबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागे आणि त्यासाठीच आम्ही ती छोटी जुनी गाडी घेतली होती. लिटरला अठरा देणारी गाडी हळूहळू अकरावर आली. पेट्रोलचा काटा मी रोज बघत होते, पण माझा जुना अंदाज मोडत नव्हता. एका मंगळवारी परत येताना पुलावर पेट्रोल संपलं. मागे पोरीची छाती वाजत होती आणि मी हात करून गाड्या थांबवत होते.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "ही गाडी नाही, पांढरा हत्ती आहे. रविवारी एक जण बघायला येतोय. देऊन टाकू."

"आणि मंगळवारी?"

"भावाला सांगू. तो नेईल."

दीर नेईलही, पण त्याच्या सवडीने. पोरीच्या दम्याला कुणाची सवड कळत नव्हती.

तोवर दोन गॅरेजं झाली होती. एकाने एअर फिल्टर बदलला, दुसऱ्याने प्लग. दोघांनीही गाडी स्वतः फिरवून आणली आणि सांगितलं, गाडी एकदम ओके. दिराचं मत, रात्री कुणीतरी पेट्रोल काढतंय. त्याने टाकीच्या झाकणावर दोरा चिकटवून पहारासुद्धा केला होता. दोरा तसाच राहिला, पेट्रोल मात्र संपतच गेलं.

मामांनी बॉनेट उघडलंच नाही. शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "ताई, रोज चालवता तशीच चालवा. परीक्षा समजू नका."

अर्धा तास आम्ही फिरलो. मामा गाडीकडे कान लावून बसले होते. परत आल्यावर ते उतरले आणि पेशंटच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी एकेका चाकावर तळहात ठेवला. पुढची दोन कोमट. मागच्या चाकावरून हात झटकन काढला. मग बाटलीतलं पाणी दोन बोटांनी शिंपडलं. चुर्र आवाज आला.

"आता थोडी मी चालवून आणतो," ते म्हणाले. गाडी गार झाल्यावर तेवढाच फेरा मारून आले, पुन्हा हात लावला. चारही चाकं सारखीच.

"ताई, दुखणं गाडीला नाही. तुम्ही हँडब्रेक एक दात ओढून चालवता. समोरचा हँडब्रेकचा दिवाही गेलाय, म्हणून कुणाला दिसलं नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. तो एक दात ओढलेला असला की मला बरं वाटायचं.

"का ओढता?" त्यांनी विचारलं. रागावून नाही, दवाखान्यात विचारतात तसं.

तीन वर्षांत कुणालाच न सांगितलेलं मी त्या शेडमध्ये सांगितलं. औषधाच्या दुकानासमोर उतारावर गाडी लावून मी दोन मिनिटांसाठी उतरले होते. ब्रेक ओढायला विसरले. मागच्या सीटवर पोर झोपलेली. गाडी मागे घरंगळत जाऊन विजेच्या खांबावर टेकली. पोर जागीसुद्धा झाली नाही. घरी मी सांगितलं, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं.

मामांनी चष्मा पुसला. "चला," म्हणाले.

गॅरेजच्या मागे चांगला उतार होता. तिथे त्यांनी इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, चाकं कडेला वळवली, हँडब्रेक पूर्ण खाली सोडला आणि मला म्हणाले, "ढकला." मी ढकललं. पुन्हा ढकललं. गाडी हलली नाही.

"हे झालं गिअरचं. वर ब्रेकही पूर्ण ओढायचा, पण गाडी उभी असताना. चालत्या गाडीला धरून ठेवलं की ती जळते, ताई. तुमचे मागच्या ब्रेकचे लायनर पार जळलेत." दुपारपर्यंत त्यांनी ते बदलले आणि दिवाही बसवला.

नवरा न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "काय निघालं?"

"मागचे ब्रेक धरत होते," मामा म्हणाले आणि हात पुसायला आत गेले.

खोटं एक अक्षर नव्हतं. मला तिथेच सुटता आलं असतं. पण घरी जाताना स्टिअरिंगवर मी होते आणि हँडब्रेक तळापर्यंत खाली होता. हात सारखा तिकडे जात होता. शेवटी मी खांबाची आणि त्या एका दाताची गोष्ट सांगून टाकली.

नवरा सीटवरून माझ्याकडे वळला.

"म्हणजे तो दूधवाला खरं बोलत होता," तो म्हणाला. "गाडी तूच ठोकलीस म्हणून मी त्याला भर चौकात झापलं होतं. तीन वर्षं तो आपल्या दुधात पाणी घालतोय आणि मी म्हणतोय, चोर आहे मेला."

मला हसू आलं आणि रडूही. तो हसला नाही. पुढच्या चढावर सिग्नल लागला. मागे एक ट्रक उभा राहिला. माझा हात लिव्हरवर गेला.

"ओढ," नवरा म्हणाला. "उभी आहे ना गाडी? ओढ पूर्ण. निघताना सोड. मी बघतो दिव्याकडे."

मी ओढला. सिग्नल सुटला, मी तो पूर्ण सोडला आणि गाडी कितीतरी दिवसांनी हलकी होऊन चढ चढली. त्याने खिशातून फोन काढला आणि रविवारी येणाऱ्या माणसाला सांगितलं, "नका येऊ. गाडी घरात लागते."