ऑर्फाचा कान

नेब्रास्कातल्या आमच्या चर्चच्या तळघरात ऑर्फा मशीनवर गोधड्या शिवायची, मी बॉबिन भरून द्यायची. बॉबिनमधला खालचा दोरा संपला की मशीनचा आवाज बदलतो. रेडिओ चालू असला तरी तिला तो कळायचा. त्याचा तिला भारी तोरा.

त्या दिवशी गोधडी होती डेल्फीनच्या मेलेल्या नवऱ्याच्या शर्टांची. माझी मेली जीभ सुटली: "वर्ष नाही झालं, अन् बया नटायला लागली!" ऑर्फाही ऐकण्यात रंगली.

गोधडी न्यायला आलेल्या डेल्फीनने दोऱ्याचं एक टोक ओढलं. टाक्यांची अख्खी ओळ सुळकन निघाली. खाली दोराच नव्हता.

"आवाज नाही आला तुला?" डेल्फीनने ऑर्फाला विचारलं.

"कान गेले गं माझे," ऑर्फा म्हणाली.

मी भरलेल्याच बॉबिनवर दोरा गुंडाळत राहिले.