कात्रीबाईंची दुसरी बाजू

माझ्या थोरल्या जाऊबाईंना विद्यापीठात सगळे कात्रीबाई म्हणतात. त्या पत्रकारिता विभागात बातमी लिहायला शिकवतात आणि विशेषण दिसलं की छाटतात. घरीही तोच खाक्या. मी नुसतं म्हणावं, "आज भयंकर दमले," की यांचा प्रश्न तयार, "भयंकर म्हणजे नक्की काय झालं ते सांग." अशा बाईबरोबर मी एका ओट्यावर स्वयंपाक करत आले आहे. माझ्या सोशिकपणाचं कुणी मूल्यमापन केलंच नाही.

मी त्याच इमारतीत खाली ग्रंथालयात काम करते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पत्रकारिता विभागाला मान्यता देणारी समिती गुरुवारी येणार होती. मान्यता मिळाली तर पोरांच्या पदवीला बाहेर किंमत, नाहीतर नुसता कागद. त्या आठवड्यात विभागाचं रूप पालटलं. भिंतींना रंग लागला. वाणिज्य विभागाचे संगणक जिन्यावरून वर गेले आणि पत्रकारितेच्या संपादन कक्षात बसले. विभागाचे स्वतःचे दोनच होते, त्यातला एक मधेच डोळे मिटायचा. पुस्तकांची कपाटं भरायला माझ्याकडून गठ्ठे उचलून नेले. घाईत काय नेलं ते कुणी बघितलं नाही. पत्रकारितेच्या कपाटात वरची अख्खी रांग मत्स्यपालनाची लागली.

विभागात विद्यार्थ्यांचं सरावाचं साप्ताहिक निघतं, चार पानांचं, दर गुरुवारी. ताईंनी, म्हणजे आमच्या जाऊबाईंनी, त्याला एक नियम घालून दिला होता. ज्याच्याविषयी बातमी, त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची आणि त्याचं म्हणणं त्याच बातमीत घालायचं. चोराच्या घरीसुद्धा आधी दार वाजवून जायचं, असं त्या म्हणायच्या.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं बातमी लिहिली : समितीला दाखवायला संगणक उसने आणले. खरी बातमी. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून ती सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेली आणि त्यांनाच वाचून दाखवली! दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणसं असा वेडेपणा करतात मला ठाऊक नाही.

विभागप्रमुख तरातरा संपादन कक्षात आले. मी मत्स्यपालनाची पुस्तकं बदलून द्यायला तिथेच गेले होते.

"मॅडम, ही बातमी थांबवा."

"चुकीची आहे का?" ताईंनी विचारलं.

"प्रश्न तो नाहीये. झाकली मूठ सव्वा लाखाची. समिती जाऊ द्या, मग काय छापायचं ते छापा."

"सर, बातमी चुकीची आहे का?"

"तुमचा करार या वर्षअखेरीला संपतोय, मॅडम. आठवण आहे ना?"

"आहे. आता बातमीचं बोलू या."

ते पाय आपटत गेले. त्या संध्याकाळी मीच ताईंवर तुटून पडले. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हटलं. आपल्या दोघींच्या पगारावर घर चालतंय. थोरले दीर आजारपणानं घरी बसलेत, त्यांच्या औषधांचं काय? आणि पोरांची पदवी? मान्यता गेली तर तीच पोरं उद्या तुम्हाला शिव्या देतील.

ताई भाजी चिरत होत्या. सुरी थांबली नाही.

"देऊ देत," त्या म्हणाल्या. "मी त्यांना तीन वर्षं सांगितलं की खरं असेल ते छापायचं. आता माझ्याच दारात खरं आलंय, तर दार लावून घेऊ? मग मी शिकवलं काय, कपाळ?"

"तुमचा हट्ट आहे हा."

"आहेच. हट्ट म्हण, चालेल. विशेषण लावू नकोस."

मला त्यांचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी भांडी जरा जोरातच आपटली.

गुरुवारी अंक निघाला. समितीच्या अध्यक्षबाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, संपादन कक्षात गेल्या आणि विभागप्रमुखांना विचारलं, "यातले आपले कोणते?" विभागप्रमुखांनी दोन संगणकांकडे बोट केलं. नेमके तेव्हाच त्यातल्या एकानं डोळे मिटले.

पूर्ण मान्यता मिळाली नाही. एका वर्षाची मिळाली, संगणक आणि पुस्तकं विकत घेण्याच्या अटीवर. म्हणजे पोरांची पदवी वाचली आणि आजवर कुणी द्यायला तयार नसलेलं सामान विभागाला मिळणार. पण ताईंना साप्ताहिकावरून काढलं, आणि करार पुढे वाढवणार नाही असंही कळवलं.

पोरं खवळली. त्याच मुलीनं त्याची बातमी केली आणि आमच्या घरी घेऊन आली. "निर्भीड शिक्षिकेवर संतापजनक अन्याय," असं वर होतं. ताईंनी पेन घेतलं. निर्भीड गेलं, संतापजनक गेलं, अन्यायही गेला.

"अन्याय तरी राहू दे की हो!" मी ओरडले. "झालाय तो!"

"झालाय," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "वाचणाऱ्याला कळेल." मग मुलीकडे वळल्या. "यात दुसरी बाजू कुठेय?"

मुलीनं कागद उचलला. दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. माझं काय काम होतं तिथे? काही नव्हतं. मी मुद्दाम दारात उभी राहिले. तिनं बातमी वाचून दाखवली.

"ही छापायची नाही," ते म्हणाले. "तुझीही परीक्षा व्हायचीये अजून."

मुलीनं वही उघडी ठेवली.

"सर, बातमी चुकीची आहे का?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. ती थांबली, बराच वेळ थांबली, मग काहीतरी लिहून निघाली.

त्यानंतरच्या गुरुवारचा अंक मी ग्रंथालयात शिरताच दिसेल असा लावला आहे. काढा म्हणून विभागप्रमुख दोनदा सांगून गेलेत. मी काढलेला नाही. बातमी चार ओळींची आहे, एकही विशेषण नाही. शेवटची ओळ अशी : बातमी चुकीची आहे का, या प्रश्नाला विभागप्रमुखांनी उत्तर दिलं नाही.