‘यू आर ग्रँड, मुक्ता!’

शुभदाताईंनी मुक्ताला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आयर्लंडमधल्या ट्रली गावातल्या त्यांच्याच स्वयंपाकघरात. पाण्यातल्या खनिजांवर संशोधन करायला यवतमाळहून आलेली ही नवी भाडेकरू नळाचं पाणी बाटलीत भरून वर घराचा पत्ता लिहीत होती.

२०२१च्या मार्चमध्ये भूशास्त्र आणि आरोग्य यांच्या अभ्यासासाठी एका आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना-सभा ऑनलाइन भरली. विहिरींच्या पाण्यासाठी वेगळा गट हवा, एवढंच मुक्ताला मांडायचं होतं. पण सभा आटोपत आली तरी तिचा नंबर लागेना. तिने हात वर केला.

“यू आर ग्रँड, मुक्ता,” आयरिश अध्यक्ष म्हणाले.

“ताई, ग्रँड म्हणाले!” तिने लगेच माइक सुरू केला.

“अगं बये, इथे ग्रँड म्हणजे ‘राहू दे, गरज नाही’!” शेजारी बसलेल्या शुभदाताई कुजबुजल्या. पण ती बोलायला लागलीसुद्धा.

“आमच्या गावची मुलं फोटोत तोंड मिटून हसतात. विहिरीतल्या फ्लोराइडने त्यांचे दात तपकिरी झालेत.”

मग केनियाच्या बाईंचा हात वर गेला, मग चिलीच्या गृहस्थांचा, आणि बघता बघता पडदाभर हात! गट मंजूर झाला. शुभदाताईंनी आनंदाने तिच्या पाठीत धपाटा घातला.

आज मुक्ता त्या गटाची चिटणीस आहे, आणि दर शनिवारी ट्रलीच्या आसपास, केरी परगण्यातल्या शेतांवरच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणते.